चार मिनिटांची ऊब

घर गरम करणारी फर्नेस पेटायची, बरोबर चार मिनिटं चालायची आणि बंद पडायची. मग सात मिनिटं जमिनीखाली नुसता पंखा घोंघावायचा, जाळ्यांतून आधी कोमट आणि नंतर चक्क गार वारा यायचा, आणि पुन्हा खाली 'भप्प' असा आवाज होऊन ती पेटायची. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा बंद. जॉन्सनव्हिलच्या टेकडीवरच्या त्या घरात जुलै, म्हणजे दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा, लागल्यापासून हेच चाललं होतं, आणि देवव्रत खांबेटे पॅसेजमध्ये थर्मोस्टॅटसमोर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा होता. उभं राहायची तशी काही गरज नव्हती. पण बसून मोजलं तर प्रश्न गांभीर्याने घेतल्यासारखा वाटत नाही, असं त्याचं मत होतं.

सोफ्यावर त्याची आई, मंदाताई. अंगात स्वेटर, त्यावर शाल, त्यावर सुनेचं जॅकेट आणि डोक्याला पुण्याहून आणलेली माकडटोपी.

"बंद पडलं का रे पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"बंद पडलं नाही आई. सायकल पूर्ण झाली," देवव्रत म्हणाला.

मंदाताई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. "एक हिवाळा काढून बघते," असं त्या निघताना म्हणाल्या होत्या, "जमलं तर कायमचं राहायचं बघू. नाही तर यतीन आहेच." यतीन हा धाकटा. तो पुण्यात, आईपासून चालत दहा मिनिटांवर राहतो आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही. आई कुणाकडे राहते हा प्रेमाचा प्रश्न आहे, असं सगळे म्हणतात. दोन भाऊ असले की तो निकालही असतो. अठरा वर्षं परदेशात काढून देवव्रतला हा एक निकाल आपल्या बाजूने लागायला हवा होता, आणि तो आता जमिनीखालच्या एका पत्र्याच्या डब्यावर अवलंबून होता.

"गॅसफिटरला फोन कर," निवेदिताने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. ती फार्मसिस्ट आहे. ज्याचं काम त्याने करावं अशा साध्या समजुतीवर तिचा संसार आणि दुकान दोन्ही चालतं.

"घरात इंजिनिअर असताना बाहेरचा माणूस?" देवव्रत म्हणाला.

आता इंजिनिअर तो होता, यात वाद नाही. मेकॅनिकलची पदवी होती. यंत्राला शेवटचा हात मात्र त्याने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लावला होता, आणि तिथेही लोखंडाचा चौकोनी तुकडा घासता घासता त्याचा लंबगोल झाला होता. सध्या तो एका सरकारी खात्यात प्रोसेस अॅश्युरन्सचा सीनिअर अॅडव्हायझर आहे. म्हणजे बाकीचे लोक काम करत असतात, तेव्हा ते काम कसं करायला हवं होतं याची कागदपत्रं हा तयार करतो.

घराची रचना अशी होती की फर्नेस जमिनीखाली, आणि तिथून नळ्यांनी गरम हवा खोल्याखोल्यांत. एकूण अकरा जाळ्या, प्रत्येक जाळीला उघडायला-मिटायला एक छोटी कळ. ही कळ पाहिल्यापासून देवव्रतला राहवत नव्हतं. कारण तो ज्या घरात वाढला, तिथे रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा आणि दारू या दोहोंत वडिलांनी फारसा फरक केला नव्हता. आजवर तो जाळ्या आपला आपण मिटत फिरायचा आणि बाकीचे त्या उघडत फिरायचे, त्यामुळे बरं चाललं होतं. पण आई येणार म्हणून या वर्षी त्याने नियमच केला. प्रत्येक दारावर लॅमिनेट केलेला कागद लावला: 'खोली सोडताना जाळी बंद करावी.' खाली मुलीसाठी, ईशासाठी, इंग्रजीतही. आता कोणत्याही वेळी दोनच जाळ्या उघड्या, एक आईच्या सोफ्याशी आणि एक जिथे काम चालू असेल तिथे. ऊब माणसाच्या मागे गेली पाहिजे, माणसाने उबेच्या मागे नव्हे, हे वाक्य त्याने ऑफिसच्या टीरूममध्येही ऐकवलं होतं. ऐकणाऱ्यांनी चहा संपवला आणि कप विसळले.

सल्ले न मागता येतात. पहिला आला शेजारच्या ग्रॅहमकडून. ग्रॅहम अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दक्षिणेकडून बर्फाळ वारा सुटला असताना शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कुंपणाशी उभा.

"आईला एक जम्पर घाल," तो म्हणाला.

"स्वेटर घातलाय. तीन थर आहेत."

"मग चौथा घाल. आमच्या लहानपणी हीटिंग नव्हतंच." एवढं बोलून त्याने खिशातून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. "नाही तर टेरिनाला बोलव. लायसन्सवाली गॅसफिटर आहे. आणि हे बघ, ते पॅनल तू स्वतः उघडू नकोस मित्रा. कायद्याने चालत नाही."

देवव्रतने शिष्टाचार म्हणून कार्ड घेतलं. कायदा त्याला माहीत होता. किंबहुना 'नागरिकांनी घरगुती उपकरणांची दुरुस्ती स्वतः करू नये' या मथळ्याच्या परिपत्रकाच्या तिसऱ्या मसुद्यावर त्याचा हात फिरलेला होता. पण परिपत्रक नागरिकांसाठी असतं.

दुसरा सल्ला श्रीनाथचा. श्रीनाथ हा मराठी मंडळातला मित्र, आयटीतला. आयटीतल्या माणसाला बिघाड दाखवला की तो आधी विचारतो, बंद करून चालू केलं का.

"अरे, ती आपली आपण दर चार मिनिटांनी बंद होऊन चालूच होतेय," देवव्रत म्हणाला.

"मग तुझा थर्मोस्टॅट जुना आहे. स्मार्ट लाव. माझ्याकडे एक पडलाय, स्वीट अॅज, एकदम मस्त काम करतो."

शनिवारी श्रीनाथ आला, चार कप चहा प्याला आणि स्मार्ट थर्मोस्टॅट लावून गेला. फर्नेस पूर्वीसारखीच चार मिनिटांनी बंद पडत राहिली. फरक एवढाच झाला की आता ती बंद पडली की फोनवर तसा संदेश येऊ लागला. संदेश कुणाकुणाला पाठवू, असं श्रीनाथने विचारलं होतं. देवव्रत तेव्हा स्टॉपवॉच बघत होता. तो म्हणाला, "फॅमिलीला." श्रीनाथने फॅमिलीचा ग्रुप जोडला, आणि त्यात यतीन होता. तेव्हापासून आई राहते त्या घरातलं हीटिंग बंद पडलं, ही बातमी पुण्यात दर अकरा मिनिटांनी पोचू लागली. यतीन काही लिहीत नसे. नुसते जोडलेले हात पाठवत असे.

मग देवव्रतने फर्नेसच्या कंपनीची हेल्पलाइन गाठली. हेल्पलाइनला मॉडेल नंबर हवा होता. तो फर्नेसवरच्या पाटीवर होता, फर्नेस घराखालच्या पोकळीत होती आणि त्या पोकळीची उंची देवव्रतच्या पोटाच्या जाडीपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त होती. रेनकोट चढवून, डोळ्यांवर ईशाचा पोहण्याचा गॉगल लावून तो सरपटत आत गेला. पाटीपर्यंत पोचला, फोन वर धरला, आणि पाटीवर बसलेला एक वेटा त्याच्याकडे बघत असलेला दिसला. वेटा हा इथला किडा. नाकतोड्याने जर व्यायामशाळा लावली तर तो असा दिसेल. तो निरुपद्रवी असतो, हे देवव्रतला ठाऊक होतं. पण ते ज्ञान त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं आधीच वर उसळून नळीवर आदळलं होतं. तो बाहेर आला तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं आणि फोनमध्ये तीन फोटो. दोन त्याच्या अंगठ्याचे, एक वेट्याचा. वेट्याचा फोटो अप्रतिम आला होता. ईशाने तो शाळेत दाखवला.

नंबर मिळवण्यासाठी पुन्हा खाली जावं लागलं. तो मिळाल्यावर हेल्पलाइनच्या बाईंनी फर्नेस बसवल्याचं सर्टिफिकेट मागितलं. ते आधीच्या मालकाकडे, आणि आधीचे मालक आता हयात नव्हते. म्हणून कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, घराची फाइल मागवली. ती वेळेवर आली आणि चोख होती. एकशे चाळीस पानांत गटारांचे नकाशे होते, कुंपणावरून शेजाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार होता, कधीच न बांधलेल्या गच्चीची परवानगी होती. फर्नेस नव्हती. आधीच्या मालकाने ती कुणाला न सांगता बसवली होती.

"म्हणजे सर, आमच्या नोंदीनुसार तुमच्याकडे फर्नेसच नाही," बाई म्हणाल्या.

देवव्रतने फोन जाळीपाशी नेऊन धरला. नेमकी तेव्हा बंदची सात मिनिटं चालू होती.

"मला काही ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. नोंद नसलेलं यंत्र आम्ही बिघडलेलं धरू शकत नाही, असं त्यांनी नम्रपणे समजावलं. या युक्तिवादात देवव्रतला एकही दोष सापडला नाही. असे युक्तिवाद तो स्वतः पगार घेऊन लिहीत असे, आणि त्यामुळेच त्याचा संताप झाला.

आता त्याने आपलं खरं शस्त्र काढलं, एक्सेल. वार, वेळ, बाहेरचं तापमान, वाऱ्याची दिशा, किती वेळा बंद. मंगळवार-गुरुवार तो ऑफिसला जाई, बाकीचे दिवस घरून काम. त्या दोन दिवसांसाठी त्याने आईच्या हातात वही-पेन दिलं आणि शिवाय तासातासाने फोन करून, "आई, आत्ता चालू आहे की बंद?" असं विचारायला सुरुवात केली. मंदाताईंची वही पुढीलप्रमाणे होती: 'दहा वाजता चालू. अकरा वाजता चालू. बारा, चालू. जेवले. चालू.'

देवव्रतला हे मान्य नव्हतं. त्याने आईला समोर बसवून 'चालू' या शब्दाची व्याख्या समजावून सांगितली. पंखा चालू म्हणजे फर्नेस चालू नव्हे. मंदाताईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी व्याख्या शेवटपर्यंत ऐकली आणि टोपी कानांवर आणखी खाली ओढली.

पण स्मार्ट थर्मोस्टॅटही तेच सांगत होता. मंगळवारी आणि गुरुवारी एकही संदेश नाही. घर दिवसभर वीस अंशांवर. संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा चार मिनिटं, सात मिनिटं, आणि पुण्याहून जोडलेले हात.

देवव्रतने सिद्धान्त मांडले. मंगळवारी रिसायकलिंगचा ट्रक येतो, त्याच्या हादऱ्याने आतला कुठला तरी भाग नीट बसत असावा. गुरुवारी गल्लीतले लोक कामावर असतात, त्यामुळे गॅसचा दाब वाढत असावा. निवेदिता म्हणाली, "बुधवारी काय असतं मग?" तो म्हणाला, "त्याचाच शोध घ्यायचाय." त्यासाठी त्याने बॉसकडून पूर्ण दोन आठवडे घरून काम करायची परवानगी मागून घेतली.

या दोन आठवड्यांत फर्नेस एकही दिवस धड चालली नाही. मंगळवार गेला, गुरुवार गेला, रिसायकलिंगचा ट्रक येऊन हादरे देऊन गेला. घर तेरा अंशांवर. देवव्रत एका जाळीपासून दुसऱ्या जाळीपर्यंत जमिनीला कान लावत फिरत होता. ईशा घरात हातमोजे घालून अभ्यास करू लागली. आणि दुसऱ्या शुक्रवारी त्याने बघितलं तर मंदाताईंच्या पलंगावर बॅग उघडी होती.

"या महिन्याच्या शेवटी जाते म्हणते," त्या म्हणाल्या. "तिकीट बदलून मिळतं, ईशाने बघून दिलं."

देवव्रतने निमूटपणे ग्रॅहमचं चुरगळलेलं कार्ड शोधलं.

टेरिनाकडे बुधवारची एक वेळ रिकामी निघाली. ती आली, दारात "किया ओरा" म्हणाली, हा इथला नमस्कार, आणि कुणी सांगायच्या आत वाकून बूट काढून बाहेर ठेवले. मंदाताईंचं मत तिथेच बनलं. देवव्रतने तिच्या हातात अकरा पानी अहवाल ठेवला, परिशिष्टांसह. तिने पहिलं पान वाचलं, मान डोलवली आणि निवेदिताने दिलेला चहाचा मग त्या पानावर ठेवला.

ती घराखाली गेली आणि सहा मिनिटांत वर आली. "यंत्राला काही झालेलं नाही. चांगलं आहे," ती म्हणाली. मग मोजे घातलेल्या पायांनी घरभर हिंडली. प्रत्येक खोलीत एकदा 'टक' असा आवाज येई. नऊ वेळा आला.

"या जाळ्या कुणी बंद केल्या?" तिने विचारलं.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून देवव्रत कित्येक वर्षं थांबला होता. त्याने सगळी योजना सांगितली, ऊब माणसाच्या मागे कशी जाते तेही सांगितलं, आणि दारावरचा कागद दाखवला. टेरिनाने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"तुझी फर्नेस अकरा जाळ्यांची आहे," ती म्हणाली. "तू दोनच उघड्या ठेवतोस. गरम हवेला जायला जागा नाही, ती आत कोंडते. फर्नेस अति तापते, म्हणून आतला सेफ्टी स्विच ती बंद करतो. गार झाली की पुन्हा पेटते. ती बिचारी सांगितलेलं काम करतेय. तू तिचं नाक दाबून तिला टेकडी चढायला लावलंयस."

देवव्रतने दारावरच्या कागदाकडे एकदा बघितलं. पण त्याच्याकडे अजून हुकमाचं पान होतं. त्याने लॅपटॉप उघडून तक्ता तिच्यापुढे धरला. "मग मंगळवारी आणि गुरुवारी कशी चालत होती? जाळ्या त्याही दिवशी बंदच होत्या."

टेरिनाने तक्ता बघितला. "मंगळवारी-गुरुवारी वेगळं काय असतं?"

"काही नाही. मी ऑफिसला असतो."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि देवव्रतला ते स्वतःलाच ऐकू आलं. निवेदिताला अचानक फ्रिजमध्ये काहीतरी शोधायचं आठवलं.

शेवटी ईशाने तोंड उघडलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र इंग्रजीत येतात. "बाबा, आजी ओपन्स देम. यू लीव्ह, शी ओपन्स ऑल ऑफ देम. अँड आय शट देम व्हेन युअर ट्रेन गेट्स इन."

"आई?" देवव्रत म्हणाला.

"पाय गार पडायचे रे," मंदाताई म्हणाल्या. "उघडल्या की घर कसं छान व्हायचं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला पटवून दिलं असतंस. आणि मग ते पटवून घेत मला थंडीत बसावं लागलं असतं."

टेरिनाने तिच्या कागदावर 'केलेलं काम' या रकान्यात लिहिलं, 'जाळ्या उघडल्या.' आणि सहीसाठी पुढे केला. देवव्रतने हलक्या आवाजात विचारलं की इथे 'हवेच्या प्रवाहाचं संतुलन' असं लिहिता येईल का. टेरिना दयाळू होती. तिने तसं लिहिलं आणि कंसात घातलं, 'मालकाने बंद केल्या होत्या.' देवव्रतने सही केली. जाताना तिने मंदाताईंचा हात हातात घेतला, मंदाताईंनी तिला रव्याचा लाडू दिला, आणि एकाही समान भाषेशिवाय दोघींचं देवव्रतच्या बाबतीत एकमत झाल्याचं स्पष्ट दिसलं.

अर्ध्या तासात घर एकोणीस अंशांवर गेलं. फर्नेस सलग चालत होती. मंदाताईंनी दोन आठवड्यांत पहिल्यांदा माकडटोपी काढली. देवव्रत लगबगीने त्यांच्या खोलीत गेला आणि पलंगावरची बॅग बंद करू लागला.

"राहू दे ती," मागून आई म्हणाली.

"अगं, पण आता गरम झालं ना. थंडीचा प्रश्न मिटला."

"थंडीने नव्हते चालले मी." मंदाताई पलंगाच्या कडेला बसल्या. "थंडीचा बंदोबस्त मी आणि ईशाने केव्हाच केला होता. मी आले तुझ्याजवळ राहायला. महिना होत आला, तू माझ्याशी एकच वाक्य बोललायस. 'आई, आत्ता चालू आहे की बंद?' ऑफिसातून फोन केलास तोही त्याच्यासाठीच. यतीन रोज येतो, दहा मिनिटं बसतो आणि त्याच्या सोसायटीची रडगाणी गातो. कंटाळा येतो मला त्यांचा. पण तो माझ्याकडे बघून गातो रे."

देवव्रतला लाज वाटली. अगदी कान गरम होईपर्यंत वाटली. आई राहावी म्हणून त्याने घराखाली दोनदा सरपटून, डोकं फोडून घेऊन, एकशे चाळीस पानं वाचून सगळं केलं होतं. फक्त तिच्याशेजारी बसला नव्हता. तो आता बसला. सेफ्टी स्विचबद्दल बोलायचं नाही, एवढं मात्र त्याला कळलं.

"मग काय करू?" त्याने विचारलं.

"जाळ्यांना हात लावायचा नाही. सोमवारपासून रोज ऑफिसला जायचं, पाचही दिवस. आणि संध्याकाळी आलास की अर्धा तास इथे बसायचं, फोन बाहेर ठेवून. हे जमणार असेल तर राहते."

"लॅमिनेट करून देऊ का?" स्वयंपाकघरातून निवेदिताने विचारलं.

त्या संध्याकाळी पुण्याहून यतीनचा फोन आला. दुपारपासून एकही संदेश न आल्यामुळे तो काळजीत होता. मंदाताईंनी त्याला सांगितलं की सगळं ठीक आहे, फर्नेस दुरुस्त झाली, आणि त्या इतक्यात काही यायच्या नाहीत, कपाटातल्या साड्यांना तेवढं ऊन दाखव. देवव्रत शेजारीच बसलेला होता. निकाल त्याच्या बाजूने लागला होता, आणि विजयी माणसाने चेहरा कसा ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं.

मग त्याने बॉसला ईमेल लिहिली की सोमवारपासून त्याला आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसमध्ये येऊन काम करायला आवडेल. असा अर्ज त्या खात्यात कित्येक वर्षांत आला नव्हता. बॉसचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्यात खात्याच्या समुपदेशकाचा नंबर होता, आणि खाली एक ओळ, घरी सगळं ठीक आहे ना?

देवव्रतने बराच विचार केला. आधी एक परिच्छेद लिहिला, मग खोडला. प्रोसेस अॅश्युरन्समध्ये इतकी वर्षं काढूनही त्याने कधी इतका अचूक अहवाल दिला नव्हता. त्याने लिहिलं, 'हो. मी नसलो की अगदी उत्तम असतं.'